माशाच्या रक्तातले राखणदार



गाईने वैरण सोडली की गोठ्यात पाऊल टाकताच कळते. कोंबडी पंख पाडून कोपऱ्यात बसली की घरातली म्हातारी ओसरीवरून ओळखते. बैल लंगडू लागला तर चार पावलांत ध्यानात येते. पण मासा पडला पाण्याखाली. त्याचे दुखणे आपल्याला दिसते ते बहुधा अगदी शेवटी, तो उताणा होऊन काठाला लागला म्हणजे. मग घरात धावपळ सुरू होते. कुणी म्हणतो, दुकानातून पावडर आणून तळ्यात टाका. कुणी म्हणतो, गोळ्या कुटून पेंडीत कालवा. पैसे जातात, मासे मरायचे ते मरतातच, आणि शेवटी आपण नशिबाला बोल लावतो.

आता गावोगावी शेततळी झाली आहेत. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली, तेव्हापासून तर त्यांत आणखी भर पडली. पाणी आहे तर त्यात रोहू, कटला, मृगळ सोडावेत, असा विचार पुष्कळ घरांनी केला, आणि तो चांगलाच आहे. पण मासा पाळायचा तर त्याच्या अंगात रोगाशी लढणारे कोण आहे, ते कसे लढते आणि आपण त्याला हात देतो की त्याचेच हात बांधतो, हे ठाऊक असायला हवे. आजच्या लेखात तेवढेच समजून घेऊ.

शत्रू घरातलाच

गोड्या पाण्यातल्या माशांना सतावणाऱ्या जंतूंत एक नाव पुन:पुन्हा येते: अ‍ॅरोमोनास हायड्रोफिला. नाव अवघड आहे, पण ओळख जुनी आहे. माशाच्या अंगावर लाल चट्टे उठतात, पर कुरतडल्यासारखे झडतात, खवले उभे राहतात, पोटात पाणी साचून ते फुगते, डोळे बाहेर येतात, कधी अंगावर खोल जखम पडते. पुष्कळदा ही सारी याच जंतूची करणी असते.

हा जंतू कुठून येतो? तुम्ही म्हणाल, शेजारच्या तळ्यातून किंवा विकत आणलेल्या बियाण्यातून. तसेही होते. पण खरी गोष्ट अशी की तो तळ्यात आधीपासूनच असतो. पाण्यात असतो, तळच्या गाळात असतो, धडधाकट माशाच्या आतड्यातही असतो. जमिनीत तणाचे बी असते, तसाच तो. मग शंभर दिवस काही होत नाही आणि एकशेएकाव्या दिवशी मासे का मरू लागतात? जंतू तोच, पाणी तेच, मासेही तेच. बदललेली असते ती माशाच्या अंगातली राखण.

मासा साफ करताना दिसणारी छावणी

ही राखण करतात रक्तातल्या पांढऱ्या पेशी. माणसात आणि गुराढोरांत या पेशी मुख्यत: हाडांतल्या मगजात तयार होतात. माशाच्या हाडात असा मगज नसतो. मग त्याच्या पेशी कुठे तयार होतात?

भगिनींनो, हे उत्तर तुम्ही कितीदा तरी हाताने खरवडून टाकले आहे. मोठा रोहू चिरून पोट साफ केले की पाठीच्या कण्याला चिकटून काळपट लाल रंगाची मऊ पट्टी दिसते. साकळलेले रक्त समजून आपण ती बोटाने किंवा सुरीने काढतो. ते रक्त नव्हे, ते माशाचे मूत्रपिंड. त्याचा डोक्यामागचा पुढचा भाग लघवीचे काम करीत नाही. तिथे रक्तपेशी जन्मतात. माशाच्या फौजेची ती छावणी. तिच्या जोडीला प्लीहा असते, आणि कल्ल्याच्या झाकणाखाली आणखी एक छोटी ग्रंथी असते.

या फौजेत तीन जातींचे शिपाई ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. पहिल्या न्यूट्रोफिल. या धावत जाऊन पहिला वार करणाऱ्या. दुसऱ्या मॅक्रोफाज, म्हणजे भक्षक पेशी. या मागाहून येतात, जंतू गिळतात आणि रणांगण झाडूनही काढतात. तिसऱ्या लिंफोसाइट. या शत्रूची खूण लक्षात ठेवतात आणि त्याच्यावर नेमकी लागू पडणारी प्रतिद्रव्ये तयार करतात. मात्र त्यांना त्यासाठी बरेच दिवस, कधी काही आठवडे लागतात. तोवर किल्ला लढवायचा तो पहिल्या दोघींनी.

जखम झाली की काय होते

समजा, जाळे ओढताना एका रोहूचे चार खवले निघाले. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर म्हणजे त्याची पहिली तटबंदी. जंतू मारणारे पदार्थ त्या थरातच असतात. तो पुसला गेला, खवले उडाले, की तटाला खिंडार पडले. पाण्यातला जंतू तेथून आत शिरतो.

इजा झालेल्या जागेतून लगेच हाकाटी होते. तिथल्या पेशी काही द्रव्ये सोडतात. त्यांतले एक म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. दवाखान्यात जखमेवर टाकले की फेस येतो, तेच. माशाच्या पिल्लाच्या शेपटीला छोटी जखम केली तर काही मिनिटांतच तिथे हे द्रव्य तयार होते आणि पांढऱ्या पेशी त्या दिशेला वळतात, असे २००९ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. रात्री एका शेतातून आरोळी उठली की सगळ्या वाटा तिकडे धावू लागतात, तसाच हा प्रकार.

मग त्या जागेच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंती सैल होतात, आणि त्यांतून न्यूट्रोफिल बाहेर पडतात. छावणीतून नवी कुमक रक्तात उतरते. या पेशी जंतूला गिळतात आणि पोटातल्या जहाल द्रव्यांनी त्याला मारतात. काही तर मरता मरता आपल्या आतले धागे बाहेर फेकतात आणि जंतूला त्यांत गुंतवून टाकतात. आपण माशासाठी जाळे टाकतो, आणि माशाच्या रक्तातल्या पेशी जंतूसाठी जाळे टाकतात!

पाठोपाठ भक्षक पेशी येतात. उरलेले जंतू, मेलेल्या न्यूट्रोफिल, फाटलेले मांस, सारे त्या गिळतात. हा केर पुष्कळदा प्लीहेत आणि मूत्रपिंडात नेऊन साठवला जातो. सूक्ष्मदर्शकाखाली तिथे काळपट पिवळे ठिपके दिसतात. घाण पाण्यात फार दिवस काढलेल्या माशात असे ठिपके वाढतात, म्हणून तज्ज्ञ त्यांवरून तळ्याच्या प्रकृतीचा अंदाज बांधतात.

गुलाबाचा काटा आणि पारदर्शक मासा

पेशी जंतूवर धावून जातात, ही गोष्ट माणसाला कशी कळली? १८८२ साली इटलीतल्या मेसिना गावी एली मेचनिकॉफ नावाचा रशियन शास्त्रज्ञ समुद्रातल्या तारामाशाची पिल्ले न्याहाळत होता. ती पाण्यासारखी पारदर्शक असतात. त्याने बागेतले गुलाबाचे काटे आणून त्यांच्या अंगात टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो काट्याभोवती पेशींची गर्दी! त्यावरून त्याने ओळखले की या भटक्या पेशीच शरीराची राखण करतात. १९०८ साली त्याला पॉल एर्लिख यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. तारामासा हा नावाचाच मासा, पण खऱ्या माशातही तेच चालते.

पुढे या कामी आपल्याच देशातला एक चिमुकला मासा आला. अंगावर निळ्या पट्ट्या असलेला, बोटाच्या दोन पेरांएवढा झेब्रा मासा. काचेच्या पेटीत शोभेसाठी ठेवतात तोच. फ्रान्सिस हॅमिल्टन याने गंगेतल्या माशांवर लिहिलेल्या पुस्तकात १८२२ साली त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. त्याची पिल्ले पहिले काही दिवस आरपार दिसतात. शास्त्रज्ञांनी अशी पिल्ले तयार केली की त्यांच्या न्यूट्रोफिल पेशी हिरव्या चमकतात. मग जिवंत पिल्लाच्या अंगात त्या कशा धावतात हे डोळ्यांनी पाहता आले. २००६ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांना एक नवल दिसले. काम आटोपल्यावर सगळ्याच न्यूट्रोफिल जागेवर मरत नाहीत. काही मागे फिरून रक्तवाहिनीकडे परत जातात. आग विझली की माणसे बादल्या घेऊन घरी परततात, तशी.

सूज वैरी नव्हे, पण मर्यादेत हवी

माणसाच्या जखमेला लाली येते, सूज येते, ऊब येते, ठणका लागतो. याला दाह म्हणतात. दाह म्हणजे रोग नव्हे, ती राखणदारांची धावाधाव आहे. माशात लाली आणि सूज दिसते, पण ऊब लागत नाही, कारण माशाचे अंग पाण्याइतकेच गार. तरीही माशाला आपल्या परीने ताप हवा असतो. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले की जंतूंनी डिवचलेले मासे आपण होऊन अधिक ऊबदार पाण्याकडे सरकतात. आपण अंगावर घोंगडी ओढून घेतो, तसेच ते.

मात्र हीच धावाधाव थांबली नाही तर घात करते. न्यूट्रोफिलची जहाल द्रव्ये जंतूला मारतात तशी माशाच्या मांसालाही जाळतात. शिवाय अ‍ॅरोमोनास गप्प बसत नाही. तो विषे सोडतो, त्या विषांनी तांबड्या आणि पांढऱ्या पेशी फुटतात. मग रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपत राहते, पोट फुगते, खवल्यांखाली पाणी साचून ते उभे राहतात. त्या टप्प्याला पोहोचलेला मासा सहसा वाचत नाही. म्हणून खरी मदत करायची ती त्याच्या आधी.

राखणदाराचे हात कोण बांधतो?

आता मुद्द्याची गोष्ट. या पेशींना दुबळे करणारी बहुतेक कारणे आपल्या हातातली आहेत.

एक, गर्दी आणि भीती. मासा घाबरला, कोंडला गेला, फार वेळ जाळ्यात राहिला की त्याच्या रक्तात कॉर्टिसॉल नावाचा रस वाढतो. त्याने लिंफोसाइट कमी होतात आणि लढण्याची ताकद उतरते. मिश्र मत्स्यशेतीत हेक्टरी ५,००० च्या आसपास बोटुकल्या सोडाव्यात, अशी जुनी चालत आलेली शिफारस आहे. म्हणजे दहा गुंठ्यांच्या तळ्याला ५००. जास्त सोडले म्हणजे जास्त निघतील, हा हिशेब शेतात दाट पेरणी करणाऱ्याइतकाच फसवा आहे.

दोन, पाण्यातला प्राणवायू. जंतूला जाळणारी द्रव्ये पेशी प्राणवायूपासूनच बनवतात. पहाटे मासे वर येऊन तोंडाने हापके मारताना दिसले तर समजा, तुमच्या फौजेची दारू संपली आहे. ढगाळ दिवसांत आणि पाणी गर्द हिरवे झाले असताना हे हमखास होते. अशा वेळी खाद्य बंद ठेवा, शेण टाकू नका, ताजे पाणी वरून पडेल असे सोडा, पंप लावून तळ्याचेच पाणी उडवा.

तीन, बुरसटलेली पेंड. शेंगदाण्याची पेंड ओली राहून तिला बुरशी धरली की तिच्यात अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते रोहूच्या प्रतिकारशक्तीला मारते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. म्हशीला जी पेंड घालवत नाही ती तळ्यात ढकलण्याची सवय मोडा.

चार, हाताळणी. जाळे सकाळच्या गारव्यात ओढा. मासा कोरड्या हाताने किंवा गोणपाटावर घासून धरू नका. बियाण्याची पिशवी आधी पंधरा-वीस मिनिटे तळ्यात तरंगत ठेवा, मग सोडा. परक्याचे जाळे आणले तर आधी धुऊन कडक उन्हात वाळवा.

पाच, थंडी. पाणी गार झाले की पांढऱ्या पेशी मंदावतात. १९८८ साली ईशान्य भारतातून आपल्या देशात माशांच्या व्रणरोगाची मोठी साथ शिरली. तिचे मूळ जंतू नव्हे, तर पाण्यातली एक बुरशीसारखी जात. तिचा जोर थंडीत असतो. मरळ तिला लवकर बळी पडते. सायप्रिनस मात्र टिकतो, कारण त्याच्या पेशी त्या बुरशीभोवती वेळीच कडे करतात. वैरी तोच, फरक राखणीचा. म्हणून दिवाळीनंतर उगाच जाळे मारू नका आणि पाण्याचा सामू पाहून चुना देण्याचे काम थंडीआधी उरकून घ्या.

औषध फौजेची जागा घेत नाही

आता कुणी विचारील, एवढे सगळे करण्यापेक्षा प्रतिजैविक टाकले तर काय बिघडले?

बिघडते असे. प्रतिजैविक जंतूंची संख्या कमी करते. शेवटचा जंतू मारून घर झाडणे पांढऱ्या पेशींनाच करावे लागते. त्या दुबळ्या असतील तर औषध थांबताच रोग उलटतो. शिवाय ऑक्सिटेट्रासायक्लिन या औषधाने सायप्रिनस माशाची प्रतिकारशक्तीच दबते, असे १९८० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले होते. तळ्यात ओतलेले औषध गाळातल्या जंतूंना सरावाचे होते. उद्या तेच निगरगट्ट जंतू घरातल्या पोराच्या जखमेत शिरले तर डॉक्टरच्या हातात काय उरणार? अ‍ॅरोमोनास माणसाच्या जखमेतही वाढतो, हे विसरू नका. पायाला कापलेले असेल तर आजारी तळ्यात उतरू नये, आणि मासा नीट शिजवूनच खावा.

क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातली औषधे मत्स्यशेतीत वापरायला आपल्याकडे बंदी आहे. बाकीची औषधेही मत्स्यतज्ज्ञाने मासा तपासून लिहून दिल्याशिवाय तळ्याकडे नेऊ नयेत.

फौज मजबूत केली तर काय घडते, याचा दाखला नॉर्वे देशाने दिला आहे. १९८७ च्या सुमारास तिथल्या मत्स्यशेतीत वर्षाला सुमारे ५० टन प्रतिजैविके खर्च होत. मग सॅल्मन माशांना एकेक धरून लस टोचण्याची पद्धत रूढ झाली. पुढे माशांचे उत्पादन कितीतरी पटींनी वाढले, पण प्रतिजैविकांचा खप २ टनांच्याही खाली आला. लस म्हणजे दुसरे काय? लिंफोसाइटना शत्रूची खूण आगाऊ दाखवून ठेवणे. याची सुरुवात फार जुनी. १९४२ साली कॅनडात डफ नावाच्या शास्त्रज्ञाने अ‍ॅरोमोनासच्याच एका भाऊबंदाचे मारलेले जंतू ट्राउट माशांना खाद्यातून देऊन त्यांचा बचाव केला होता.

आपल्या शेततळ्यातल्या रोहूला एकेक धरून सुई टोचणे परवडायचे नाही. पण आपल्याकडेही काम थांबलेले नाही. भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगा येथे गोड्या पाण्यातल्या मत्स्यपालनाची केंद्रीय संस्था आहे. तिथे १९९२ साली नॉर्वेच्या मदतीने निवडपैदास सुरू झाली आणि ‘जयंती रोहू’ हे जलद वाढणारे वाण निघाले. अ‍ॅरोमोनासला तोंड देऊ शकणाऱ्या रोहूची निवड करण्याचेही काम तिथे झाले आहे. बियाणे घेताना नुसता भाव विचारू नका, वाण कोणते, आणले कुठून, हेही विचारा.

रोग दिसलाच तर

मेलेला, कुजलेला मासा तपासणीला नेऊन उपयोग नाही. उन्हात पडलेल्या माशात नाना जंतू शिरतात आणि खरा गुन्हेगार सापडत नाही. मरणाला टेकलेला, पण अजून कल्ले हलवणारा मासा तळ्याच्याच पाण्यात घालून लवकरात लवकर मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात न्या. तिथे त्याच्या रक्ताचा थेंब काचेवर पसरून पेशी पाहता येतात. न्यूट्रोफिल वाढल्या असतील तर लढाई चालू आहे, असे तज्ज्ञ ओळखतो. पण घाबरलेल्या माशातही त्या वाढतात, म्हणून तो मूत्रपिंडातले जंतूही वाढवून पाहतो. त्यावरून ठरवलेले औषध हे औषध. अंदाजाने टाकलेले ते नुसते पाण्यात पैसे.

मेलेले मासे रोज काढा, खड्ड्यात चुना टाकून पुरा. ओढ्यात फेकू नका. खाली दुसऱ्याचे तळे आहे. खाद्य कमी करा, पाणी बदला, आणि त्या आठवड्यात जाळे अजिबात लावू नका.

मंडळी, एका वहीत चार गोष्टी रोज टिपल्या तर पुरे: पहाटे मासे वर आले होते का, पाण्याचा रंग कसा होता, खाद्य किती उरले, मेलेले किती सापडले. घरातले शाळकरी पोर हे काम आनंदाने करील. खाद्य उरू लागले की समजावे, पाण्याखाली लढाई सुरू झाली आहे. त्या वेळी दुकानाची वाट धरण्याआधी तळ्याच्या काठावर जा. रक्तातले राखणदार आपले काम इमानाने करीतच असतात. त्यांना श्वास घ्यायला स्वच्छ पाणी आणि हालचालीला मोकळी जागा देणे, एवढी धन्याची बाजू आपण सांभाळायची.